खोट्या नवसाचे केस

“गया व माय! मना कुंकूना धनी गया!”

आई दारात उभी राहून ओरडत होती, आणि मी गल्लीच्या तोंडाशी, डोक्यावर ओला पांढरा पंचा घेऊन, खांबासारखा उभा होतो. आईचा आवाज मुळातच असा, की सुरतेतल्या आमच्या नवागामातून तिनं मला जेवायला हाक मारली की पलीकडच्या दिंडोलीतली चार-दोन पोरं हात धुऊन बसत. त्या दिवशीचा आवाज तर तापी ओलांडून गेला असणार. समोरच्या खोल्यांतल्या बाया पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. रात्रपाळी करून नुकते आडवे झालेले पुरुष लुंग्या सावरत उठले. गल्लीत एक कुत्रं होतं, ते कशालाच उठत नसे, तेही उठलं.

झालं होतं एवढंच, की मी गल्लीत शिरलो, वाऱ्यानं पंचा सरकला आणि खालचं ताजं, गुळगुळीत टक्कल आईला दिसलं. तिनं ते पाहिलं, किंकाळी फोडली आणि दोन्ही हात उंबऱ्यावर आपटले. हिरव्या काचा ओट्यावरून उडून पार माझ्या चपलेपर्यंत आल्या.

आमच्यात बाप गेला की पोराचं डोकं उतरवतात. एकदा जावळ निघालं, की बाप जिवंत असताना पोराच्या डोक्याला वस्तरा लागत नाही, मिशीलाही नाही. त्यामुळे खानदेशातून सुरतेला आलेल्या कुठल्याही बाईला पोराचं कोरं डोकं दिसलं, की तिला चिठ्ठी-तार लागत नाही. डोकं हीच तार.

आता, आबा सकाळी आठला डबा घेऊन पांडेसऱ्याच्या मिलमध्ये गेलेले. डबा आईनंच भरलेला. आणि हे घडलं साडेअकराला. साडेतीन तासांत माणूस मरावा, त्याला नदीवर नेऊन जाळावं, राख सावडावी, पोराचं डोकं उतरवावं आणि बायकोला कोणी निरोपही धाडू नये? सुरतेत सगळी कामं झपाट्यानं होतात हे कबूल, पण इतक्या झपाट्यानं? एवढा साधा विचार आईला सुचला नाही. ती बाई भाजीवाल्याची काटा मारायची खोड डोळे मिटून ओळखायची. तिला त्या दिवशी घड्याळ कळेना. पुढे कित्येक वर्षं मी ही गोष्ट लोकांना हसत सांगितली, आणि दर वेळी म्हणालो, भीतीला घड्याळ कळत नाही. म्हणायला छान वाटायचं.

मी तोंड उघडलं, तर आईनं मला कवटाळलं. तिचं डोकं माझ्या छातीवर आपटत होतं, आणि माझ्या डोक्यात आलं, हिला काहीतरी कळलंय. कोपऱ्यावरच्या एसटीडीवाल्याकडे मिलमधून फोन आला असणार. आबा मशीनवर… आणि मीही रडू लागलो. मी रडतोय म्हटल्यावर आईची उरलीसुरली शंकाही फिटली. ती माझ्याकडे पाहून रडत होती, मी तिच्याकडे पाहून. दोघांपैकी एकानंही विचारलं नाही, की बातमी कोणी आणली.

शेजाऱ्यांनी मग जे करायचं ते सुरू केलं. एकीनं चूल विझवली. एक जण बांबू बघायला निघाला. चौघे सायकली काढून मयत आणायला पांडेसऱ्याला गेले.

हे केस कसे गेले ते सांगतो.

माझे केस म्हणजे नवागामची अब्रू होती. त्या वर्षांत सिनेमातले हिरो पुढून कोंबडा काढत आणि मागून केस कॉलरखाली सोडत. ते आमचं बघून करत, असं माझं तेव्हा मत होतं. माझे केस विंचरून होईपर्यंत मिलचा पहिला भोंगा व्हायचा आणि दुसऱ्याची वेळ यायची. आबा म्हणायचे, “याचा भांग पडतो तोवर चार ताके रंगून व्हतीस.”

त्या धुळवडीला मी एक शहाणपणा केला. बाजारातला रंग म्हणजे पिठात घातलेली हळद. दोन तांबे पाणी ओतलं की गेला. आम्ही रंगखात्यातली माणसं, आम्ही असला रंग खेळायचा? मी मिलमधून कागदाच्या पुडीत खरा रंग आणला. राणी कलर. साडी फाटून चिंध्या होते, चिंध्यांची फडकी होतात, तरी जो जात नाही तो. आणला होता दुसऱ्यांसाठी. पण पुडी माझ्याच खिशात आहे हे ज्यांना कळायला नको होतं त्यांना कळलं, आणि ती अख्खी पुडी माझ्याच डोक्यावर मोकळी झाली. वरून बादलीभर पाणी.

दुसऱ्या दिवशी माझं डोकं असं दिसत होतं, की रिक्षावाले मला सिग्नल समजून थांबत. शिकेकाई लावली, रॉकेल लावलं, लिंबू चोळलं. डोकं आणखी खुललं. तेव्हा दुसरा शहाणपणा सुचला. मिलमध्ये कापडाला चुकीचा रंग बसला, की ते हायड्रोमध्ये उकळून पुन्हा कोरं करतात. कापड कोरं होतं तर केस का नाही होणार? मी डबीभर हायड्रो आणला, कोमट पाण्यात कालवला आणि मोरीत बसून डोक्याला चोळला.

डोळ्यांतून धारा लागल्या. रंग निघाला. रंगाबरोबर केसही निघाले. सगळे नव्हे, कुठे कुठे. जे उरले ते मक्याच्या कणसाच्या शेंडीसारखे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावाकडून एक स्थळ यायचं होतं, आणि माझं डोकं खरूज झालेल्या शेळीसारखं.

म्हणून सकाळी आई दळणाला गेल्यावर मी नानांकडे गेलो. नाना म्हणजे आमच्या गावाकडचेच, नात्यानं कोणी नव्हेत, पण आम्ही सगळे नाना म्हणायचो. कडुनिंबाखाली त्यांची एक खुर्ची, खोडाला ठोकलेला आरसा आणि एक पत्र्याची पेटी. नवागामातल्या अर्ध्या पोरांचं जावळ त्यांनी काढलेलं, आणि अर्ध्या म्हाताऱ्यांची शेवटची दाढीही त्यांनीच केलेली. त्यांनी माझ्या डोक्यात बोटं घातली. बोटांना केस लागून आले.

“काय लावलंस?”

“हायड्रो.”

“डोक्याला?”

“कापडाचा रंग निघतो ना नाना.”

“कापडाला लग्न करायचं नसतं, गाढवा.”

मी म्हणालो, सगळे काढून टाका. आखाजीपर्यंत सारखे उगवतील. नानांनी वस्तरा पुसला आणि पुन्हा पेटीत ठेवला. “तुझा बाप चांगला धडधाकट आहे. मी वस्तरा लावणार नाही. कातरीनं बारीक करून देतो, बस.” मी गयावया केली. ते पेटीचं झाकण लावून बिडी काढायला लागले.

आणि मग मी ती थाप मारली.

थापा मी जन्मभर मारल्या. मारण्यात गुंतवणूक काही नसते आणि ऐकणाऱ्याचा वेळ बरा जातो. पण त्या सगळ्या थापांत परत घ्यावीशी वाटते ती ही एकच. मी हात जोडून म्हणालो, “नाना, नवस आहे. गडावरच्या देवीला बोललोय. आबांच्या आयुष्यासाठी केस देईन म्हणून.”

नानांची बिडी हातातच राहिली. “आबाला काय झालंय?”

“काही नाही. काही होऊ नये म्हणून.”

नानांनी बिडी कानावर ठेवली. उन्हाकडे तोंड करून हात जोडले. मग वस्तरा असा पाजळला, की त्यात त्यांनी स्वतःचं तोंड पाहून घेतलं असेल. एवढ्या मायेनं माझं डोकं कोणी हाताळलं नव्हतं. गुलाबी-पिवळे झुपके त्यांनी खाली पडू दिले नाहीत. वर्तमानपत्रावर गोळा केले, पुडी बांधली आणि माझ्या हातात दिली. “गडावर पोचव. मध्ये कुठं ठेवू नको.” डोकं ओल्या पंच्यानं पुसून तोच पंचा उन्हासाठी डोक्यावर टाकला.

वाटेत खाडी लागते. पुडी मी खाडीत टाकली. काळ्या पाण्यावर ती जरा वेळ तरंगली.

आणि मग गल्ली, वारा, आई.

आबांचं असं झालं की सायकलवाले चौघे मिलच्या गेटवर पोचले आणि वॉचमनला म्हणाले, मयत ताब्यात द्या. वॉचमन उत्तर प्रदेशचा, त्याला काही माहीत नव्हतं. त्यानं आत हाक मारली, चार माणसं उचलायला पाठवा. त्या चार माणसांत आबा आले. कोपरापर्यंत हिरवे हात, पोपटासारखे. “कोन गया?” त्यांनी विचारलं. त्या चौघांपैकी एकाची सायकल म्हणे तिथल्या तिथे पडली. मी पुढे हे सांगताना चारही सायकली पाडतो, पण पडली एकच.

स्वतःच्या मयताला आबा डबलसीट आले. गल्लीत सायकल शिरली तेव्हा बाया एका सुरात रडत होत्या. तो सूर मधेच तुटला. आईनं वर पाहिलं.

“तुम्ही… तुम्ही जित्ता शेतस?”

“मी कुठे जाऊ?” आबा म्हणाले. “आजून जेवननी सुट्टी बी नही व्हयनी.”

मग त्यांनी माझं टक्कल पाहिलं, ओट्यावरच्या काचा पाहिल्या, विझवलेली चूल पाहिली, बांबू घेऊन आलेला शेजारी पाहिला, आणि ते हसायला लागले. असे हसले की बांबूवालाही हसायला लागला. “मरननी खोटी बातमी उनी का आयुष्य वाढस,” ते म्हणाले. “दहा वर्षं वाढनात मना.” हसता हसता ठसका लागला आणि त्याचा खोकला झाला. तो थांबेना. भिंतीला हात टेकून ते वाकले. हाताचा हिरवा पंजा चुन्याच्या भिंतीवर उठला. आईनं त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. एवढ्या गर्दीत, एवढ्या रडारडीत, तो तांब्या तिच्या हाताशी भरलेला कसा होता, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

आबांचा असा खोकला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी ती फार ठेवली.

संध्याकाळी आबा बांगड्या घेऊन आले आणि कासारणीला न बोलावता स्वतः आईच्या हातात भरायला बसले. दोन फुटल्या. आई त्यांना रागावली. एका म्हातारीनं दारातूनच सांगितलं, धनी समोर असताना काच फोडली, हे बरं नव्हे. आबांनी तिला चहा पाजून घालवलं.

आखाजीचं स्थळ आलं नाही. केस मात्र आले. हायड्रो खाऊन उगवल्यासारखे दाट आले. आणि आबांचा खोकलाही वाढत गेला. श्रावणात ते पाळी अर्धी टाकून घरी यायला लागले. गणपतीत त्यांना सिव्हिलला नेलं. डॉक्टरनं एक्सरे उजेडावर धरला. दोन्ही बाजूंनी धुकं. डॉक्टर आबांशी बोलला, मग मला बाहेर बोलावून बोलला. बाहेरचं बोलणं छोटं होतं.

त्या दिवसापासून मी नानांच्या खुर्चीला घाबरायला लागलो.

हसू नका. मी पांडेसऱ्यात उकळत्या रंगाच्या हौदाकाठी झोपा काढलेला माणूस. पण मला पक्कं दिसत होतं: मी देवीच्या नावानं खोटं बोललो, तेही बापाच्या आयुष्याचं. तिचे केस खाडीत टाकले. आणि आईच्या हातची काच माझ्या डोक्यामुळे फुटली, त्याच दिवशी, त्याच घटकेला आबांचा खोकला सुरू झाला. देवी काही विसरली नव्हती. आता पुन्हा त्या खुर्चीत डोकं दिलं, की एकदा नाटकात झालं ते दुसऱ्यांदा खरं होणार. डोक्यावर केस आहेत तोवर बाप आहे. असा माझा कायदा झाला.

मग मी तो कडुनिंब टाळायला लागलो. मिलला जायचा सरळ रस्ता नानांच्या पुढून. मी रेल्वेच्या पटरीकडून वळसा घालून जायचो, पाळीला उशीर व्हायचा. लांबून कातरीचा कचकच आवाज आला तरी मी मिळेल त्या बोळात शिरायचो. एकदा नानांनी मला दुरून हात केला, तर मी चालत्या टेम्पोत चढलो आणि पार सचिन गावाला जाऊन उतरलो. सचिनमध्ये माझं काही काम नव्हतं. तिथे एक चहा प्यायलो आणि परत आलो.

केस मानेवर आले, मग कॉलरच्या खाली गेले. मिलमध्ये मला बाबाजी म्हणायला लागले. सुपरवायझर गुजराती, तो केस कापून ये म्हणून रोज ओरडायचा, “ए बाबाजी, वाळ कपावी आव! मशीनमां आवी जशे!” मी डोक्याला फडकं बांधून कामाला लागायचो.

घरी आबा खाटेवर. त्यांना आयुष्यभर एकच हौस होती, नीटनेटकं दिसायची. रविवारी नानांकडे दाढी, मिशीला कातर, कानामागे अत्तराचा फाया. आता त्यांना नानांपर्यंत जाववत नव्हतं, म्हणून ते माझ्यामागे लागले.

“कटिंग करी ये.”

“नानांना ताप आलाय, आबा.”

दुसऱ्या दिवशी, “कटिंग करी ये.”

“नानांची खुर्ची मोडली. दुरुस्तीला दिलीय.”

“कटिंग करी ये रे.”

“नाना गावी गेलेत. त्यांच्या म्हशीचं लग्न आहे.”

आबा हसायचे, मग खोकायचे. खोकला थांबला की म्हणायचे, “म्हशीले मना आशीर्वाद सांग.” त्यांना पोराच्या थापांची सवय होती. एकदा त्यांनी स्वतःच्या दाढीसाठी नानांना घरीच बोलावलं. मी जेवत होतो. दारात पेटी वाजली आणि मी ताटावरून उठलो, मोरीच्या भिंतीवर चढलो आणि शेजाऱ्यांच्या मोरीत उतरलो. तिथे शेजारी अंघोळ करत होता. आम्ही दोघांनी ती गोष्ट कोणाला सांगितली नाही. भिंतीला कान लावून मी ऐकलं. नाना म्हणत होते, “पोर सोन्यासारखं आहे तुमचं. तुमच्यासाठी केस दिले त्यानं देवीला. मला म्हणाला, काही होऊ नये म्हणून.”

मग नुसता वस्तऱ्याचा खरखर आवाज येत राहिला. 

मी त्या मोरीत, ओल्या फरशीवर, उष्ट्या हातानं बसून राहिलो.

त्यानंतर आबांनी आठ-दहा दिवस कटिंगचं नाव काढलं नाही. माझ्याकडे नुसतं बघायचे. जेवताना आपल्या ताटातला तुकडा माझ्या ताटात टाकायचे, मी लहान असल्यासारखा. मला ते बघणं सहन व्हायचं नाही. म्हणून मी जास्तच बडबड करायचो, मिलमधल्या खोट्या मारामाऱ्या रंगवायचो, एका पाळीत तीन-तीन खून पाडायचो.

संक्रांतीच्या आधी एका दुपारी मी पाळीवरून आलो तर आबा उठून बसलेले. हातात धागे तोडायची छोटी कातरी होती, साड्यांच्या कडा साफ करायला बाया वापरतात ती. आई शेजारणीकडे तीळ निवडायला गेलेली. बाहेर पोरं पतंगाच्या मांज्यासाठी भांडत होती.

“बसी जाय,” आबा म्हणाले.

“आबा, उद्या जासू ना नानांकडे.”

“नाना नही शे. मी शे. बसी जाय.”

मी खाटेखाली जमिनीवर बसलो, त्यांच्या गुडघ्यांच्या मधे, त्यांच्याकडे पाठ करून. लहानपणी शाळेत जाताना असाच बसायचो. मला वाटलं, हा न्हावी नव्हे. ही खुर्ची नव्हे. यानं चालेल. देवीला इतकं बारीक कुठं दिसतंय. त्यांनी एक बट हातात धरली. कातरीची पाती केसांवर टेकलेली मला कळली. ती टेकूनच राहिली. अंगठा दाबायचा प्रयत्न करत होता. मागून श्वासाची शिट्टी ऐकू येत होती. सात-आठ केस तुटले असतील. ते माझ्या खांद्यावर पडले.

“धार नही हिले,” आबा म्हणाले.

कातरीला धार होती. त्याच कातरीनं सकाळी आईचं बोट कापलं होतं.

मग त्यांनी तेलाची बाटली घेतली. डोक्यावर तेल घातलं, इतकं की कानामागून गळ्यात ओघळलं. आणि फणीनं विंचरलं. हळूहळू, गुंता सोडवत. मधोमध भांग पाडला, शाळेतल्या पोराचा पाडतात तसा सरळ. मग फणी ठेवून तळहात डोक्यावर ठेवला. हिरवा रंग नखांच्या मुळाशी तेव्हाही होता. चार महिने रंगाला हात न लावताही.

“मांगनी बारी देवीले दिधात,” ते म्हणाले. “आते एकदाव मनासाठे कर. माले तुले नीट पाहानं शे.”

सांगायची वेळ ती होती. तोंड माझं दुसरीकडे होतं, डोळ्याला डोळा द्यायचा नव्हता. इतकी सोपी वेळ पुन्हा आली नाही. आबा, नवस खोटा होता. पुडी खाडीत आहे. एवढी दोनच वाक्यं. म्हशीचं लग्न लावणाऱ्याला ती जमली नाहीत.

“उद्या जासू,” मी म्हणालो.

“नक्की?”

“नक्की.”

दुसऱ्या दिवशी मी कडुनिंबापर्यंत गेलो. खरंच गेलो. नाना एका गिऱ्हाइकाची मान खाली दाबून होते. मला पाहून त्यांनी भुवईनंच विचारलं, बसतोस? मी खुर्चीच्या मागे उभा राहिलो. आरशात मी दिसत होतो, मधला भांग, तेल. गिऱ्हाईक उठलं. नानांनी खुर्ची झटकली. मी म्हणालो, “सुटे घेऊन येतो,” आणि आलो परत. घरी सांगितलं, गर्दी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबा गेले. आई त्यांना चहा द्यायला गेली आणि कप घेऊन परत आली. ओरडली नाही. मला म्हणाली, “ऊठ.”

तापीकाठी नाना आपली पेटी घेऊन आधीच येऊन बसले होते. मला समोर बसवलं. खुर्ची नव्हती, ओली वाळू होती. केस इतके वाढलेले की सरळ वस्तरा लागेना. आधी कातर मारावी लागणार होती. नानांनी केस हातात घेतले आणि थांबले. तेल अजून होतं. भांग अजून तसाच होता; तीन दिवस मी डोक्याला पाणी लावलं नव्हतं, उशीवर डोकंसुद्धा जपून ठेवलं होतं.

“भांग कोणी पाडला?” नानांनी विचारलं.

“आबांनी.”

मागून कोणीतरी म्हणालं, आटपा, ऊन चढतंय. नानांनी त्या माणसाकडे बघितलं नाही. त्यांनी आधी बाजूचे केस कापले, मग मागचे, आणि भांगाच्या दोन्ही अंगांचे सगळ्यात शेवटी. मी डोळे मिटून घेतले. इतके महिने मला वाटत होतं, वस्तरा लागेल तेव्हा काहीतरी भयंकर होईल. काहीच झालं नाही. टाळूला वारा लागला, एवढंच.

परत आलो तेव्हा गल्ली तीच. पंचा डोक्यावर तसाच. आई दारात होती. मला वाटलं, आता ओरडेल. नवागाम जागं करेल. मी त्या ओरडण्याची वाट बघत उभा राहिलो, कारण ती ओरडली असती तर मलाही रडता आलं असतं. तिनं माझ्या डोक्याकडे एकदा पाहिलं, तांब्या पुढे सरकवला आणि म्हणाली, “पाय धू.”

दहावं झालं, तेरावं झालं, पाहुणे गाडीनं खानदेशात परतले. खोलीत आम्ही दोघंच उरलो. भिंतीवर तो हिरवा पंजा होता. दिवाळीच्या चुन्यातून पुन्हा वर आला होता. आई खाली बसून आबांचा डबा घासत होती. आता तो कोणी नेणार नव्हतं, तरी राखेनं चकचकीत घासत होती. हात मोकळे, बांगड्यांचा आवाज नाही. मला ते सोसेना. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. काही वाढवलं नाही, काही रंगवलं नाही. धुळवडीचा रंग, हायड्रो, नानांना मारलेली थाप, खाडीतली पुडी. म्हणालो, “माय, मीच आबांचं वाईट केलं. देवीचं खोटं बोललो, आणि त्याच दिवसापासून त्यांना खोकला लागला. म्हणून मी कटिंग केली नाही. ते शेवटपर्यंत म्हणत राहिले, आणि मी केली नाही.”

आईनं डब्याचं झाकण पाण्यात बुडवलं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि पुसून बाजूला ठेवलं.

“खोकला ते धुळवडना आधीनी दिवाईपाईनच व्हता,” ती म्हणाली. “तुले सांगू नको म्हनेत.”